पळपुट्यावर उपयोगी असल्याचा आरोप

माझा नवरा कमी बोलतो. लग्न ठरलं तेव्हा मला वाटलं, माणूस विचारी दिसतो. लग्नानंतर कळलं की विचार चालू असतो हे खरं, पण तो समोरच्या माणसाचा नसतो, त्या माणसाच्या हातातल्या टेपरेकॉर्डरचा असतो. आत कोणती मोटर असेल, अजून किती दिवस काढेल, आणि बंद पडल्यावर हे लोक तो कुणाला देतील. माझ्या मावशीकडे आम्ही पहिल्यांदा जेवायला गेलो तेव्हा हे तिच्या बिघडलेल्या प्रिंटरकडे ज्या नजरेने बघत होते, त्या नजरेने त्यांनी माझ्याकडे कधी बघितल्याचं मला तरी आठवत नाही.

नोकरी चष्म्याच्या दुकानात. पुढे काचेच्या कपाटांत फ्रेमी मांडलेल्या, आणि मागच्या अरुंद खोलीत हे. नंबरप्रमाणे काच घासायची, फ्रेमच्या मापाने तिच्या कडा काढायच्या, बसवायची, फडक्याने पुसून पुढे द्यायची. सगळ्या जगाला नीट दिसावं म्हणून दिवसभर राबायचं आणि घरी आल्यावर मला विचारायचं, "अगं, माझा चष्मा कुठंय?" तो कपाळावर असतो. सुरुवातीला मी सांगायचे. आता मी "शोधा" म्हणते आणि बघत बसते, तेवढीच करमणूक.

असा हा माणूस रविवारी दुपारी मात्र पोपटासारखा बोलतो, कारण रविवारी दुपारी मंडळ भरतं. आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर, सायकली ठेवतात त्या खोलीच्या पलीकडे, एक बिनखिडकीची खोली आहे. तिथे एक लांब टेबल, वर ट्यूबलाइट, आणि टेबलाभोवती चार-पाच मोठी माणसं डोकी एकमेकांना आपटतील इतकी जवळ आणून बसलेली. मोडकी खेळणी, मेलेले मोबाइल, कुणी टाकून दिलेले कॅमेरे यांतले भाग काढायचे आणि त्यांचे छोटे छोटे रोबो बनवायचे, हा यांचा उद्योग. रोबो म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं मला ठाऊक नाही, पण ते पुसून टाका. यांचा रोबो म्हणजे जुन्या टूथब्रशचं डोकं, त्यावर मोबाइलमधली थरथरणारी मोटर आणि घड्याळातला सेल. चालू केला की तो टेबलावर थरथरत गोल फिरतो आणि खाली पडतो. पडला की सगळे टाळ्या वाजवतात.

मंडळाच्या अध्यक्षबाई टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेल्या आहेत. बसतात ताठ, आणि दोघे एकदम बोलायला लागले की म्हणतात, "एकाने बोला, लाइन एकच आहे." लिफ्टवाले काका लिफ्ट दुरुस्त करायचे. त्यांचा रोबो दोरीवरून वर जातो, खाली येतो, वर जातो, आणि तो बघता बघता काकांना स्वतःलाच झोप लागते. आणि कवळीवाले. ते दातांच्या डॉक्टरांना कवळ्या बनवून देतात. त्यांचा रोबो एका फसलेल्या कवळीचा आहे. ती जबड्याची उघडझाप करत टेबलावरून पुढे सरकते. ती पाहिल्यापासून मी त्यांच्या घरचा चहा घेतलेला नाही.

मंडळाचे नियम दोनच. पहिला, विकत काही आणायचं नाही. मेलेल्या यंत्रांतले भाग सामाईक डब्यात टाकायचे आणि ज्याला हवं त्याने त्यातून घ्यायचं. रोबो मोडला की भाग परत डब्यात. हा नियम मला समजतो. दुसरा नियम मला कित्येक वर्षं समजला नव्हता. दुसरा नियम असा, की रोबो उपयोगी असता कामा नये. कुणाचा रोबो कुणाच्याही उपयोगी पडलेला आढळला तर तो तिथल्या तिथे उघडायचा आणि त्याचे भाग डब्यात.

यामागे एक दुःखद कथा आहे. मंडळातल्या एका गृहस्थांनी मागे कधीतरी टाकी भरली की शिट्टी वाजवणारं काहीतरी केलं. शेजाऱ्यांनी पाहिलं. मग त्या शेजाऱ्यांच्या शेजाऱ्यांनी पाहिलं. आज ते गृहस्थ कधीही भेटले तरी खांद्यावर पिशवी, हातात वायरचं भेंडोळं, आणि कुणाच्या तरी गच्चीकडे निघालेले. मंडळात यायला त्यांना वेळ नाही. त्यांचा विषय निघाला की सगळे गेलेल्या माणसाबद्दल बोलावं तसं हळू आवाजात बोलतात.

मी एकदा यांना म्हटलंच, "इतका जीव ओतता, तर घरातलं एखादं काम करणारं काहीतरी बनवा ना. किमान लसूण सोलणारं."

तर म्हणाले, "दिवसभर मी उपयोगीच असतो. रविवारी दुपारी तरी नको."

लसूण मीच सोलते.

आता आईकडे येते. माझी आई मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर होती. तिचा आवाज जिन्याच्या खालून निघाला की वरच्या मजल्यावरच्या मुली आपोआप पुस्तकं उघडायच्या, अगदी निष्पाप मुलीसुद्धा. निवृत्तीनंतर ती आमच्याकडे राहायला आली आणि तिच्यापुढे एकच अडचण उभी राहिली. मला ती बोलू शकत होती. दूधवाल्याला, शेजाऱ्यांना, टीव्हीवरच्या बातम्या देणाऱ्या बाईला बोलू शकत होती. पण घरात खऱ्या अर्थाने बोलून घेण्यालायक एकच माणूस होता, आणि तो नेमका जावई. जावयाला बोलायचं नाही, हे तिच्या हाडात भिनलेलं. त्यांनी ओला टॉवेल पलंगावर टाकला की ती माझ्याकडे बघून म्हणायची, "जावईबापूंना घाई असेल हं आज." त्यांनी तिचा रेडिओ उघडला तेव्हा तर कमालच झाली. रेडिओ फक्त खरखरत होता. यांनी तो कानाला लावला, मान हलवली आणि मेला म्हणून जाहीर केलं. आई इतकंच म्हणाली, "त्यांना कळतं त्यातलं." आणि मग संध्याकाळभर मला भाजी कशी चिरू नये ते सांगत बसली.

मागच्या वर्षी ती बाथरूममध्ये घसरली आणि खुबा मोडला. ऑपरेशन झालं, हाड जुळलं, डॉक्टर म्हणाले, आता चालायचं, जितकं चालाल तितकं चांगलं. आई हो म्हणाली आणि खाटेवर बसली ती बसलीच. वॉकर आणला, त्यावर आम्ही टॉवेल वाळत घालायला लागलो. व्यायाम करून घ्यायला एक फिजिओबाई यायच्या. तरुण, हसऱ्या, नखभर आशेवर महिना काढणाऱ्या. "आजी, फक्त दारापर्यंत!" आई म्हणायची, "आज नको, कंबर भरलीये." उद्या डोकं दुखायचं, परवा हवा बरी नसायची. खरं कारण ती कुणाला सांगत नव्हती, पण मी तिची मुलगी आहे. तिला पडायची भीती वाटत होती. सगळ्या वसतिगृहाला चळाचळा कापायला लावणारी माझी आई जमिनीला घाबरत होती. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, की आणखी काही दिवस अशाच बसून राहिल्या तर मग कायमच्याच बसतील.

त्याच सुमारास यांचा नवा रोबो तयार झाला. बूड म्हणजे डब्याचं झाकण, चाकं प्रिंटरच्या रबरी रुळाची, मोटरी टेपरेकॉर्डरमधल्या, म्हणजे अगदी मऊ चालणाऱ्या. आणि उजेड ओळखणारे दोन डोळे, त्यांच्यापुढे कडा चुकलेल्या चष्म्याच्या दोन काचा. उजेडाच्या दिशेने धावायचं, एवढंच त्याने करायचं होतं. पण डोळ्यांच्या वायरी जोडताना यांनी त्या उलट जोडल्या, आणि डोळे बसवले पाठीकडे. आता असं का झालं म्हणाल, तर चष्मा कपाळावर होता. परिणाम असा झाला की मागून कुणाची सावली पडली की तो जीव घेऊन पळायचा, आणि सावली हटली की थांबायचा. उजेडाकडे धावणारा शूर रोबो करायला गेले आणि झाला भित्रा. मंडळाला तो फार आवडला. अध्यक्षबाईंनी नाव ठेवलं, पळपुट्या.

एका रविवारी हे त्याला घेऊन घरी आले, पॅसेजमध्ये जमिनीवर ठेवला, आणि चहा घ्यायला स्वयंपाकघरात आले. तो सरकत सरकत आईच्या खाटेखाली गेला असावा. आईची शाल खाली लोंबत होती, तिचा एक धागा त्याच्या चाकात अडकला. मी गॅसजवळ होते. मला आधी आवाज आला, "ए! ए मेल्या! सोड!" मग वॉकरवरचे टॉवेल खाली पडल्याचा. मग वॉकरचा. टक... टक... टक.

मी वळून बघितलं तर स्वयंपाकघराच्या दारात माझी आई उभी. पुढे पळपुट्या, त्याच्यामागे ओढली जाणारी शाल, तिच्यामागे आई, आणि तिची सावली पडतेय म्हणून तो आणखी पळतोय.

"ही काय पद्धत झाली?" आई त्याला म्हणत होती. "माणसाने बोलावलं की थांबावं! दुसऱ्याच्या वस्तूला हात लावताना विचारावं! कुणी शिकवलं नाही का?"

यांचा कप ओठांजवळच राहिला. मी हातानेच खूण केली, हलू नका. आईने शाल हिसकावून घेतली, इकडेतिकडे बघितलं, आपण कुठे उभे आहोत हे तिच्या लक्षात आलं आणि तिचा चेहरा पांढरा पडला. मी खुर्ची पुढे सारली. त्या दिवशी तिला खुर्चीवर बसवून मी न्हाणीघरात गेले आणि नळ सोडून रडले.

दुसऱ्या दिवशी आई म्हणाली, "तो मेला कुठंय? कालचं बोलणं पुरं झालं नाही माझं."

मग ते रोजचंच झालं. सकाळी पळपुट्याला जमिनीवर सोडायचा. आई वॉकर घेऊन मागे. ती थांबली की तोही थांबायचा, आणि ते तिला उद्धटपणाचं वाटायचं, म्हणून ती पुन्हा निघायची. आणि बोलायची! पहिले काही दिवस मी ऐकून हसले, मग माझ्या लक्षात आलं की हे सगळं मला ओळखीचं आहे. "ओला टॉवेल पलंगावर टाकायला गादी काय वाळत घालायची दोरी आहे?" रोबो कुठला टॉवेल टाकणार? "माझा रेडिओ जिवंत होता! नुसता खोकत होता! खोकणाऱ्या माणसाला कुणी कापायला घेतं का?" गप्प गप्प राहून साठवलेलं सगळं ती त्या झाकणाएवढ्या यंत्रावर ओतत होती, आणि ओतता ओतता बैठकीच्या खोलीतून गॅलरीपर्यंत जाऊन येत होती.

हे आतल्या खोलीत बुटाच्या नाड्या बांधत सगळं ऐकायचे. हळूहळू पलंगावरचा टॉवेल दिसेनासा झाला. मग एक दिवस दुसरा रेडिओ आला, यांनी दोन मेलेल्यांतून एक जिवंत केलेला. आईने तो लावला आणि पळपुट्याला सांगितलं, "बघ, ज्यांना कळतं त्यांना कळतं." मी खरंच सांगते, आमच्या घरात इतका समजूतदारपणा त्याआधी कधी नव्हता.

फक्त मंडळात ही गोष्ट कुणाला कळता कामा नये होती. रविवारी हे जायचे आणि विचारलं तर म्हणायचे, "पळतो. दुसरं काय करणार?" आणि कळलंही नसतं, पण फिजिओबाईंना आनंद आवरला नाही. आईला गॅलरीत उभी बघून त्या इतक्या हरखल्या, की रविवारी सरळ मंडळाच्या खोलीत जाऊन म्हणाल्या, "हे बनवणारे तुम्हीच ना? मला असे चार करून द्या. माझ्याकडे आणखी चार आजी बसून आहेत."

म्हणे त्याच वेळी कवळी टेबलावरून खाली पडली, आणि कुणी टाळी वाजवली नाही.

हे घरी आले ते पडलेल्या चेहऱ्याने. पुढच्या रविवारी निकाल होता. मी भडकले. "तुमचं मंडळ गेलं खड्ड्यात! सोडून द्या!"

"सोडतो," म्हणाले. मला अपेक्षा नव्हती. "पण भाग डब्यातले आहेत. मी सोडलं तरी ते परत करावे लागतील."

"मग दुसऱ्या भागांचा दुसरा बनवा."

"वायरी चुकून उलट लागल्या होत्या. बाकीही काय काय चुकलंय मला ठाऊक नाही. हेतुपुरस्सर इतकं चुकायला जमेलच असं नाही."

आईला सांगायची माझी छाती झाली नाही. रविवारी ती दुपारची आडवी झाली तेव्हा यांनी पळपुट्याला पिशवीत घातलं. शेजारच्या वहिनींना आईजवळ बसवून मीही यांच्याबरोबर खाली गेले, भांडायच्या पूर्ण तयारीने.

कवळीवाल्यांनी आरोप मांडला. रोबो उपयोगी आहे, एका वृद्ध बाईंना चालवतो, बाहेरून मागणी आलेली आहे. बोलताना त्यांची नजर सारखी पळपुट्याच्या मोटरींवर जात होती. त्यांच्या कवळीला तशाच मऊ मोटरी हव्या होत्या, हे सगळ्यांना माहीत होतं.

"बोला," अध्यक्षबाई यांना म्हणाल्या.

हे उभे राहिले. "उजेडाकडे जायला केला होता. सावली पडली की पळतो. धाग्यात अडकतो. टेबलाची कड त्याला कळत नाही." आणि मागून हाताची सावली पाडून दाखवलं. पळपुट्या धावत गेला आणि कडेवरून खाली झेपावला. झोपलेल्या लिफ्टवाल्या काकांनी डोळे न उघडता त्याला झेलला.

"सासूबाई त्याच्यामागे चालतात की नाही?" कवळीवाले.

"चालत नाहीत. पाठलाग करतात."

मग फिजिओबाई. बिचाऱ्या आपल्यामुळे हे झालं म्हणून साक्ष द्यायला आल्या होत्या. "तसा काही फार फरक नाही हो आजींमध्ये," त्या म्हणाल्या, आणि मग धंद्याचा अभिमान त्यांच्याने आवरेना. "म्हणजे खुबा आता छान वळतो, पाऊल पूर्ण टेकतं, तोल तर इतका सुंदर..." माझ्याकडे बघून त्या गप्प झाल्या.

मला राहवलं नाही. "तुमच्या नियमापायी माझी आई परत खाटेला खिळेल, कळतंय का तुम्हाला?"

अध्यक्षबाईंनी माझ्याकडे बघितलं, अगदी मायेने. "म्हणजे उपयोग आहे," त्या म्हणाल्या.

मी जीभ चावली, पण उशीर झाला होता. कवळीवाल्यांनी स्क्रू ड्रायव्हर काढला. त्याच वेळी बाहेरून आवाज आला. टक... टक... टक.

दार ढकललं गेलं आणि आई आत आली. वॉकर, अंगावर शाल, केस सुटलेले, धाप लागलेली. मागून वहिनी, चपला हातात धरून, तोंडाने "अहो थांबा तरी" म्हणत. मला आनंद झाला, आणि त्याच क्षणी मनात म्हटलं, आई, अगं का आलीस? तू टाकलेलं एकेक पाऊल त्याच्यावर उलटतंय.

"मला वहिनींकडून कळलं," आई अध्यक्षबाईंना म्हणाली. रेक्टरचा आवाज. सगळे नकळत सरळ बसले. "मी साक्ष द्यायला आलेय. या यंत्राचा काडीचा उपयोग नाही. हाक मारली तर ऐकत नाही. समोर यायची हिंमत नाही. झाडू मारत नाही, पाणी देत नाही, मोठ्यांचा मान ठेवत नाही. असलं निरुपयोगी कार्टं मी उभ्या आयुष्यात बघितलं नाही."

कुणीच तिच्या तोंडाकडे बघत नव्हतं. सगळे तिच्या पायांकडे बघत होते.

"आजी, आपण आलात कशा?" कवळीवाले गोड आवाजात म्हणाले.

"कशा म्हणजे? चालत!"

"झालं," कवळीवाले म्हणाले. "आणखी काय पुरावा हवा?" आणि त्यांनी पळपुट्याला उलटा केला.

तेव्हा लिफ्टवाल्या काकांनी डोळे उघडले. "पण हा तर केव्हापासून इथे टेबलावर आहे," ते म्हणाले. "मग या कुणाच्या मागे चालत आल्या?"

स्क्रू ड्रायव्हर थांबला. अध्यक्षबाई आईकडे वळल्या. "बोला."

आईने खोलीभर नजर फिरवली आणि ती यांच्यावर येऊन थांबली. ते जावई झाल्यापासून तिने त्यांच्याकडे असं कधी बघितलं नव्हतं.

"यांच्या," ती म्हणाली. "जावईबापू, तुम्ही मला न सांगता त्याला घेऊन आलात?"

"आई, मी..."

"मला न विचारता? मी झोपले आहे असं बघून? पिशवीत घालून?" वॉकर एक पाऊल पुढे आला. हे एक पाऊल मागे सरले. "टॉवेलचं मी बोलले नाही! रेडिओचं बोलले नाही! बेसिनमध्ये तारांचे तुकडे असतात, त्याचं बोलले नाही!" वॉकर पुढे, हे मागे. टेबलाचा कोपरा आला, हे वळले, आई वळली. "माणूस गप्प बसतो म्हणून त्याला काही कळत नाही असं समजलात? सांगायचं होतं मला! मी आले असते तुमच्याबरोबर! मी बघितलं असतं कोण उघडतो त्याला!"

अशी ती टेबलाला पुरी फेरी मारून आली. पुढे माझा नवरा, उलटा चालत, भिंतीला हात लावत, आणि मागे माझी आई. फिजिओबाई तोंडावर हात ठेवून तिच्या कमरेकडे बघत होत्या आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. वहिनींनी चपला खाली ठेवल्या.

दार आलं तेव्हा दोघंही थांबले. आईला धाप लागली होती, पण मी तिला इतकी मोकळी झालेली कधी बघितली नव्हती.

अध्यक्षबाईंनी निकाल दिला. "यंत्राचा उपयोग नाही. यांना राग चालवतो, आणि राग आपल्या डब्यातला नाही."

"पण जावई तर उपयोगी पडला!" कवळीवाले हातची मोटर जाताना बघून म्हणाले.

"जावईही डब्यातला नाही. त्याला उघडता येत नाही." मग फिजिओबाईंकडे वळून, "आणि मागण्या इथे घेत नाहीत. तुम्हाला चार हवेत तर रविवारी या, डब्यातून भाग घ्या आणि स्वतः चुकीचे बनवा."

कवळीवाल्यांनी स्क्रू ड्रायव्हर खिशात ठेवला. मग स्वतः उठून दार धरून उभे राहिले, आईला बाहेर जाता यावं म्हणून. माणूस वाईट नाही, नुसता मोटरींचा लोभी आहे.

बाहेर आलो आणि राग उतरल्यावर काय होतं ते मला दिसलं. खोलीपासून लिफ्टपर्यंत लांबच लांब फरशी होती, नुकती पुसलेली, आणि आईने वॉकर जागीच घट्ट धरून ठेवला होता. येताना तिला ती फरशी दिसलीच नव्हती. मी खुर्ची आणायला वळले. यांनी मला मानेनेच नको म्हटलं. पळपुट्याची पिशवी माझ्या हातात दिली आणि स्वतः आईच्या पुढे जाऊन उभे राहिले, तिच्याकडे पाठ करून, हाताच्या अंतरावर. वॉकरचा आवाज आला की एक पाऊल टाकायचे आणि थांबायचे. पुन्हा आवाज, पुन्हा एक पाऊल. या माणसाचा मला वर्षानुवर्षं वैताग येत आलाय, पुढेही येणार आहे. पण त्या फरशीवर मला तो इतका आवडला, की पिशवी छातीशी धरून मी नुसती बघत राहिले.

मध्यावर आई थांबली. जे तिने डॉक्टरांना, फिजिओबाईंना, मलाही कधी सांगितलं नव्हतं ते हळू आवाजात त्यांच्या पाठीला म्हणाली.

"जावईबापू, मी पडले तर?"

"पडलात तर माझ्या अंगावर पडाल," हे मागे न बघता म्हणाले. "म्हणून तर मी पुढे आहे."

आईने यावर थोडा विचार केला, आणि वॉकर उचलून पुढे ठेवला.